हॅम रेडिओवरून हवेची खबरबात

अमेरिकेच्या नौदल अकादमीतले अभियंते बॉब ब्रुनिंगा यांनी घडवलेली ‘एपीआरएस’ ही पद्धत हौशी रेडिओकर्मींच्या फार कामाची. आपलं केंद्र नकाशावर कुठे आहे आणि तिथे वारा, पाऊस, तापमान किती, हे ती इंटरनेट बंद असतानाही आसपास पोचवते.

असं केंद्र उभारायला हौशी रेडिओकर्मींच्या एखाद्या क्लबला सामग्री थोडीच लागते: व्हीएचएफ रेडिओ, उंचावरचा अँटेना, रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक आणि हवामान मोजणारे सेन्सर. ‘डायरवुल्फ’ हे मोफत सॉफ्टवेअर आकड्यांचे १२०० आणि २२०० हर्ट्झचे सूर करतं. वेग सेकंदाला १२०० बिट. चार आकड्यांना तो पुरतो.

खरी कसोटी सेन्सर बसवताना लागते. तापलेल्या गच्चीवर ठेवलेला तापमापक गच्चीचंच तापमान सांगतो. तो सावलीच्या, हवा खेळत्या पेटीत, जमिनीपासून दीड-दोन मीटरवर हवा. वारामापक मात्र मोकळ्यावर, शक्यतो १० मीटर उंच. इथे कंजुषी केली तर पुढचं सगळं व्यर्थ.

उत्तर अमेरिकेत सगळे १४४.३९० मेगाहर्ट्झवर बोलतात, युरोपात १४४.८०० वर. वाट एकच असल्याने सतत संदेश सोडणं हा इतरांवर अन्याय आहे. हवामानासाठी दहा मिनिटांतून एकदा पुरे. न हलणाऱ्या केंद्राचा ठावठिकाणा अर्ध्या तासाने सांगितला तरी चालतं. वाटेतली पुनःप्रक्षेपण केंद्रं तोच संदेश पुन्हा उच्चारून दूर नेतात.

भारतात प्रक्षेपण करण्याआधी परीक्षा देऊन केंद्र सरकारचा हौशी रेडिओ परवाना घ्यावा लागतो. क्लबने तयारी तिथूनच सुरू करावी.