जुनं घर घरच्यांच्या आणि मित्रांच्या मदतीनं दुरुस्त करता येतं का? पुण्यातल्या वाड्यांचं गणित समजून घ्या

पावसाळा तोंडावर आला की पुण्याच्या पेठांमध्ये महापालिकेच्या नोटिसा लागायला सुरुवात होते. इमारत धोकादायक आहे, दुरुस्त करा किंवा रिकामी करा. कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव, रविवार अशा जुन्या पेठांमधल्या अनेक कुटुंबांसाठी हे दरवर्षीचंच झालंय.

नोटीस आली की घरात चर्चा सुरू होते. बिल्डरला द्यावं, तर प्लॉट छोटा आणि वारस डझनभर. ठेकेदाराला विचारावं, तर त्याचा आकडा ऐकूनच गप्प बसायची वेळ येते. मग कुणीतरी म्हणतं, "आपणच करूया की! दादा येईल, मामा येईल, कॉलेजचा ग्रुप आहेच."

हे खरंच जमतं का? अर्धं जमतं. पण कुठलं अर्धं, हे आधी माहीत नसेल तर पैसे जातात, नाती बिघडतात आणि जिवावरही बेतू शकतं.

मुळात ही घरं पडायला का आली?

"शंभर वर्षं झाली, पडणारच" असं आपण सहज म्हणतो. पण लाकूड, वीट, माती आणि चुन्याचं घर नुसत्या वयानं पडत नाही. दुरुस्ती थांबली की पडतं. पुण्यात ती थांबायला काही ठोस कारणं आहेत.

पहिलं कारण भाड्याचं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि दरवर्षी ४ टक्के वाढीची सोय झाली. पण समजा २००० साली भाडं महिना ५० रुपये होतं, तर २५ वर्षांनी ते दीडशेपर्यंतही पोहोचत नाही. एवढ्यात मालक छप्पर कुठून दुरुस्त करणार?

दुसरं कारण पानशेतचा पूर. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी घुसलं. मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या, कित्येक वाडे बसले. जे उभे राहिले, त्यांतल्या अनेकांच्या पायात आणि भिंतींत ओल मुरली.

तिसरं कारण आपणच. मुलं कोथरूड, हिंजवडी, परदेश अशी पांगली. वाड्यात म्हातारी माणसं उरली आणि दरवर्षी छपरावर चढणारं कुणी राहिलं नाही.

मिळून घर नीट करणं नवीन नाही

कौलारू घरात पावसाळ्याआधी कौलं उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा बसवावी लागायची. याला घर शाकारणं म्हणतात. हे काम एकट्याचं नसायचं. एक वर, एक शिडीवर, दोघं खाली, अशी साखळी लागायची.

गावाकडे याला नावंच आहेत. एका शेतकऱ्याच्या कामाला सगळ्यांनी जाणं आणि त्यानं जेवण घालणं म्हणजे इर्जिक. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे, ही सावड. पुणे जिल्ह्याच्याच आंबेगाव-जुन्नरच्या डोंगराळ भागात मिळून भातखाचरं तयार करण्याच्या पद्धतीला पडकई म्हणतात. या भागात काम करणाऱ्या शाश्वत संस्थेला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला होता. फिनलंडमध्ये अशा कामाला तालकूत म्हणतात, इंडोनेशियात गोतोंग रोयोंग.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. मजुरी नसते, पण काम फुकटही नसतं. जेवण असतं आणि परतफेडीची जाण असते. मित्रांना बोलावताना हे विसरलं की दुसऱ्या रविवारी कुणी येत नाही.

वाडा उभा कशावर असतो?

कुठल्या कामाला आपण हात लावायचा, हे यावरून ठरतं. साधारण वाड्याला दगडी जोतं असतं. त्यावर लाकडी खांब, खांबांवर तुळया आणि तुळयांवर मजल्याची तक्तपोशी. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात. वर आढं, वासे, रिपा आणि कौलं. बऱ्याच वाड्यांत वजनाचा मोठा भाग हा लाकडी सांगाडा पेलतो आणि विटा-मातीची भिंत मधली जागा भरते. काही ठिकाणी मात्र भिंतही वजन घेते. कुठली भिंत कसली आहे, हे नुसतं बघून आपल्याला कळत नाही.

म्हणून साधा नियम असा: वजन पेलणाऱ्या कशालाही घरच्यांनी हात लावायचा नाही. बाकी बरंच काही करता येतं.

ही कामं आपण करू शकतो

– पाहणी. प्रत्येक खोलीचे फोटो काढा. खांबाशेजारी ओळंबा सोडून तो कलला आहे का, ते बघा. भेगेवर कागदाची पट्टी चिकटवून तारीख लिहा. काही आठवड्यांत पट्टी फाटली, तर भेग अजून वाढतेय. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक पेचकसानं हलकेच टोचून पाहा. ते आत रुतलं, तर लाकूड कुजलंय किंवा वाळवी लागलीय. ओल सगळ्यात आधी तिथंच धरते.

– सामान हलवणं आणि माळा रिकामा करणं. हे सगळ्यात वेळखाऊ काम असतं. शिवाय पिढ्यान्पिढ्यांच्या सामानाचं वजन उतरलं की तुळयांनाही आराम मिळतो.

– सुटे पोपडे काढणं, धुणं-पुसणं, पन्हळी साफ करणं, चुना लावणं, दारं-खिडक्या घासून तेल देणं. बिजागऱ्या, कड्या-कोयंडे फेकू नका. तसे जुने नग हवे असतील तर बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. जुनं सागवान भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये विचारा.

– खालून माल पुरवणं. कौलं उतरवणारा माणूस सवयीचा असू द्या. खाली साखळी करून ती घेणं, घासणं, रचणं हे काम दहा जण मजेत करतात. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनच्या प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये मंगळुरात काढला होता. तुमच्या कौलाच्या पाठीवर कारखान्याचा छाप असेल, तर तसंच माप शोधायला तो उपयोगी पडतो.

दोन इशारे. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांसाठी ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यामुळे जुना रंग कोरडा घासू नका. ओला करून काढा, मास्क लावा आणि लहान मुलांना लांब ठेवा. दुसरं म्हणजे, जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. त्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. लाकडी घरात हे विसरून चालत नाही.

या कामांना हात लावू नका

– खांब, तुळई, जिना काढणं किंवा बदलणं. आधी टेकू कुठं द्यायचा, हे स्ट्रक्चरल इंजिनिअर सांगेल. काम मुरलेला सुतार करेल.

– खोली मोठी करायला भिंत पाडणं.

– वायरिंग. लाकडी पट्टीवरची जुनी वायर, नसलेलं अर्थिंग आणि त्यावर आजचे गिझर, एसी, हे आगीला आमंत्रण आहे. परवानाधारक वायरमनच बोलवा आणि गळती होताच वीज तोडणारं उपकरण बसवून घ्या.

– जुने सिमेंटचे पत्रे फोडणं किंवा त्यांना भोकं पाडणं. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.

– वर पाण्याची टाकी चढवणं. १,००० लिटर पाण्याचं वजन १,००० किलो, म्हणजे एक टन. शंभर वर्षांपूर्वीच्या तुळईनं हा हिशोब कधीच केलेला नव्हता. टाकी खाली जमिनीवर ठेवा किंवा वेगळ्या पायावर उभी करा.

"सिमेंट मारून टाकू", इथंच गोम आहे

जुन्या घरात सर्वाधिक होणारी चूक म्हणजे ओल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा. विटा-मातीची भिंत जमिनीतलं पाणी वर ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते हळूहळू हवेत सोडते. वरून सिमेंट मारलं की ही वाट बंद होते. पाणी आतच राहतं, आणखी वर चढतं आणि थेट तुळईच्या टोकापर्यंत पोहोचतं. बाहेरून भिंत चकाचक, आतून लाकूड कुजतंय.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो, म्हणून त्याला वेळ आणि ओलावा दोन्ही द्यावं लागतं. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधावा लागेल. त्याचा हात जड गेला, तरी मळणं, चाळणं, पाणी मारणं ही कामं घरचे करू शकतात. चुना डोळ्यांना आणि त्वचेला भाजतो, त्यामुळे चष्मा आणि हातमोजे हवेतच.

परवानगी लागते का?

रंग, गिलावा, त्याच उंचीवर कौलं बदलणं अशा साध्या दुरुस्तीला सहसा वेगळी बांधकाम परवानगी लागत नाही. पण चार गोष्टी आधी तपासा.

एक, नोटीस आहे का? महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक इमारत पाडायचा किंवा दुरुस्त करायचा आदेश निघू शकतो. धोकादायक इमारतींची वर्गवारीही असते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-१ असेल तर मित्रांना बोलावणं म्हणजे त्यांना संकटात ढकलणं. तिथं हा विषय संपतो.

दोन, वारसा यादीत नाव आहे का? असेल तर महापालिकेच्या वारसा कक्षाकडे आधी जा.

तीन, घर शनिवारवाड्यासारख्या केंद्रीय संरक्षित स्मारकाजवळ आहे का? १०० मीटरच्या आत नवं बांधकाम चालत नाही. १६ जून १९९२ पूर्वीच्या घराच्या दुरुस्तीलाही सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी लागते. पुढच्या २०० मीटरमध्येही नियम आहेत.

चार, तुम्ही भाडेकरू आहात का? मालक दुरुस्ती करत नसेल, तर किमान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू ती करू शकतात आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतात. पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. भाडं महिना १०० रुपये असेल, तर वर्षाला ३०० रुपये. म्हणजे हक्क आहे, पण छप्पर होत नाही. मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमचं बांधकाम केलं, तर ते घर खाली करून घ्यायला कारण ठरू शकतं. ओटा, लाकडी पार्टिशन, खिडकी अशी कामं यात धरली जात नाहीत. तरी मालकाशी बोलून लेखी घेतलेलं बरं.

राडारोडाही तुमचीच जबाबदारी आहे. रात्रीतून नदीपात्रात टाकण्याचा विचारही करू नका.

पैसे कुणी दिले आणि घर कुणाचं?

सगळ्यात जास्त काम इथं अडतं. प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचं नाव असतं आणि खर्च एक नातू करतो. मनात धरलेलं असतं की "मी खर्च केला, म्हणजे माझं थोडं जास्त." कायद्यात तसं नाही. खर्च केल्यानं मालकीचा हिस्सा आपोआप वाढत नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. २००५ ची दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑगस्ट २०२० चा निकाल यांनी ते स्पष्ट केलंय. त्यामुळे लग्न होऊन गेलेल्या आत्यालाही कामाआधी विचारायचं, नंतर नाही.

म्हणून पहिली वीट हलवायच्या आधी एका कागदावर लिहा: कोण किती देतंय, ते उसने आहेत की भेट, पुढे वाटणी झाली तर हा खर्च कसा धरायचा. सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. रक्कम मोठी असेल तर वकिलाला दाखवा.

करांचंही बघा. काका, मामा, आत्या, भावंडं यांची भेट करमुक्त आहे. पण आयकर कायद्याच्या व्याख्येत चुलत किंवा मामेभाऊ नातेवाईक ठरत नाहीत, मित्र तर नाहीतच. त्यांच्याकडून वर्षात मिळून ५०,००० रुपयांपेक्षा जास्त भेट आली, तर सगळी रक्कम करपात्र होते. उसनवारी २०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर रोखीनं घेता येत नाही.

मग सुरुवात कशी करायची?

पाऊस थांबला की आधी इंजिनिअरकडून एकदा पाहणी करून घ्या. मोठी बचत बाकीच्या कामांत करा, या फीमध्ये नको. मग क्रम वरून खाली ठेवा. आधी छप्पर आणि पन्हळी, मग लाकडी सांगाडा, मग वायरिंग आणि नळ, त्यानंतर गिलावा, शेवटी रंग. अनेक जण उलटं करतात. आधी रंग लावतात आणि पहिल्या पावसात तो उतरलेला बघतात.

मित्रांना "कधीतरी ये" असं सांगू नका. तारीख, वेळ आणि काम सांगा. "रविवारी सकाळी ८ ते १, माळा रिकामा करायचाय, जेवण आमच्याकडे." उंचीला घाबरणाऱ्याला शिडी देऊ नका. ओल्या कौलांवर कुणालाच चढू देऊ नका. प्रथमोपचाराची पेटी आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर समोर ठेवा. आणि त्यांच्या घरी काम निघेल, तेव्हा तुम्ही जा.

या वर्षी सगळं घर होणार नाही. पण एवढ्या माणसांत छप्पर आणि पन्हळी पावसाआधी नक्की होतात. पाणी आत यायचं थांबलं, की बाकीच्या कामाला पुढच्या वर्षापर्यंत थांबता येतं.