पोम्पेईची चक्की

संपादकांना रोमन मेजवान्यांवर लेख हवा होता. अपिकियसच्या नावावरचा पाकग्रंथ, मासे खारवून केलेलं गारूम, अशी टिपणं घेऊन पोम्पेईला पोचलो. तिथल्या एका पडक्या बेकरीत शिरलो आणि टिपणं पिशवीतच राहिली.

अंगणात जवळजवळ माणसाएवढ्या काळपट चक्क्या उभ्या होत्या. खाली घंटेसारखा निमुळता दगड, त्यावर बसवलेला डमरूच्या आकाराचा पोकळ दगड. डमरूच्या वरच्या तोंडात गहू ओतायचा. तो कमरेतून खाली उतरतो, दोन दगडांच्या फटीत भरडला जातो आणि कडेने पीठ झरतं. कमरेला दोन बाजूंनी चौकोनी भोकं आहेत. त्यात लाकडी दांडे बसायचे आणि दांड्याला गाढव जुंपायचं. आपल्या जात्याचा खुंटाच जणू, फक्त हाताऐवजी खूर. दगड ज्वालामुखीचा, जाळीदार; झिजला तरी नव्या कडा उघड्या पडतात, म्हणून धार टिकते. मी वेडा झालो तो मात्र डमरूपायी. खालचं तोंड झिजलं की अख्खा दगड उलटा करायचा, वरचं तोंड खाली, की पुन्हा दळण सुरू! ज्याला हे पहिल्यांदा सुचलं त्याची पाठ थोपटावीशी वाटली.

पोम्पेईत तीसेक बेकऱ्या सापडल्या आहेत. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि शहर गाडलं गेलं. १८६२ साली एका बेकरीच्या भट्टीतून ८१ पाव निघाले, जळून कोळसा झालेले. शेजारच्या हर्क्युलेनियममधल्या पावावर तर शिक्का आहे: क्विंटस ग्रानियस वेरसचा गुलाम केलेर. पाव आठ फाकांचा, नाव ठळक.

चक्कीभोवती फिरणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नाही. २०२३ मध्ये पोम्पेईतल्याच एका घरात बेकरी उजेडात आली. तिला बाहेरच्या बाजूने दारच नाही. उंचावर बारक्या खिडक्या, त्यांनाही लोखंडी गज. जमिनीच्या फरशांवर अर्धगोल खाचा कोरल्या आहेत, जनावरांचे पाय घसरू नयेत आणि चाल एका लयीत राहावी म्हणून. गाढवासोबत माणूसही फिरायचा: जनावर हाकायचं, गहू ओतायचा, पीठ गोळा करायचं. दुसऱ्या शतकातल्या आपुलेयसने कादंबरीत अशी चक्की रंगवली आहे. गाढवाच्या डोळ्यांवर झापड, माणसांच्या कपाळावर डाग, पायांत बेड्या, अंगभर पीठ. हे मी आधी वाचलं होतं, तरी तासभर डमरूचंच कौतुक करत बसलो होतो.

दांडे केव्हाच नाहीसे झालेत. निघण्याआधी मी रिकाम्या भोकाशी दोन्ही हात पुढे धरून एक फेरी मारून पाहिली. पाऊल आपोआप लहान पडू लागलं, मान खाली गेली. दुसरी फेरी अर्ध्यावर आली तोच रखवालदाराने शिट्टी मारली.