जुना संगणक : चालू ठेवावा की बंद?

जुना संगणक सारखा बंद-चालू केला की लवकर बिघडतो, असं म्हणतात. त्यात तथ्य आहे. चालू झाल्यावर आतले भाग तापून प्रसरण पावतात, बंद केल्यावर आकुंचतात. या ताणाने सोल्डरचे जोड हळूहळू तडकतात. पण अखंड चालू ठेवलं तर उष्णतेने कपॅसिटरमधला द्रव सुकतो, पंख्याचं बेअरिंग झिजतं, मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कलाही उसंत नाही. शिवाय ६० वॉट खाणारा संगणक महिनाभर चालू राहिला, तर सुमारे ४३ युनिट वीज जाते. म्हणून घरचा संगणक रात्री रीतसर बंद करावा. दिवसातून दहादा बंद-चालू मात्र नको. हार्ड डिस्क खडखडू लागली असेल, तर बंद करण्याआधी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे काढून घ्या. ती पुन्हा सुरू होईलच याची खात्री नसते.