अनामिक संदेशजालातील दोषशोधन

एखादे यंत्र बिघडले म्हणजे दुरुस्ती करणारा प्रथम घडलेल्या गोष्टींचा मागोवा घेतो. संगणकांच्या जालातही हीच रीत आहे. कोणत्या यंत्राने कोणत्या क्षणी कोणाशी संपर्क साधला, याच्या नोंदी पाहावयाच्या आणि त्यांवरून दोषाचे स्थान निश्चित करावयाचे. परंतु कोण कोणाशी बोलतो हे कोणासही कळू न देणे हेच ज्या जालाचे प्रयोजन, तेथे अशी नोंद ठेवणे हाच मोठा दोष ठरतो. अशा जालाची दुरुस्ती कशी होते, हे 'टॉर' या प्रसिद्ध जालाच्या आधारे येथे पाहावयाचे आहे.

संदेशावर संकेतलेखनाची एकावर एक आवरणे चढवून तो अनेक मध्यस्थांमार्फत पाठवावा, ही कल्पना डेव्हिड चॉम यांनी १९८१ मध्ये मांडली. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत गोल्डश्लाग, रीड व सिव्हरसन यांनी तिच्या धर्तीवर 'ओनियन राउटिंग' ही पद्धती विकसित केली. पुढे डिंगलडाइन, मॅथ्यूसन व सिव्हरसन यांनी २००४ मध्ये टॉरची रचना प्रसिद्ध केली. तीत वापरकर्त्याचा संगणक सामान्यतः तीन मध्यस्थ, म्हणजे 'रिले', निवडतो व प्रत्येकाशी स्वतंत्र किल्ली ठरवितो. कांद्याचे पापुद्रे निघावेत त्याप्रमाणे प्रत्येक रिले आपल्यापुरते एक आवरण काढतो. पहिल्यास प्रेषक ठाऊक असतो, गंतव्य नसते. तिसऱ्यास गंतव्य ठाऊक असते, प्रेषक नसतो. मधल्यास दोन्ही अज्ञात असतात.

या विभागलेल्या ज्ञानातच दोषशोधनाची अडचण आहे. संपर्क तुटला असता संपूर्ण मार्ग एकट्या वापरकर्त्याच्या संगणकासच ठाऊक असतो. म्हणून सामान्य बिघाडांचा शोध त्याच टोकाकडून आरंभावा लागतो. पुष्कळदा कारण अगदी साधे निघते. उपलब्ध रिलेंची यादी काही मोजकी विश्वस्त केंद्रे दर तासाला बहुमताने ठरवून स्वाक्षरीसह प्रसिद्ध करतात व तिच्यावर वैधतेची मुदत नोंदलेली असते. वापरकर्त्याचे घड्याळ एखाद्या दिवसाहून अधिक चुकलेले असल्यास ताजी यादीही त्यास शिळी किंवा भविष्यातील वाटते आणि संपर्क जुळत नाही. याउलट, पहिला रिले मंद आहे म्हणून तो वारंवार बदलणे हा उपाय दिसावयास सोपा असला तरी घातक होय. प्रत्येक नव्या निवडीबरोबर एखाद्या शत्रूच्या रिलेशी गाठ पडण्याचा संभव वाढतो. म्हणूनच हा पहिला रिले कित्येक महिने कायम ठेविला जातो.

रिलेच्या बाजूने दोष शोधावयाचा झाल्यास आत्मसंयम अधिकच पाळावा लागतो. या सॉफ्टवेअरच्या मूळ मांडणीत नोंदींमधील संवेदनशील पत्ते आपोआप पुसले जातात. वापरकर्त्यांची देशनिहाय संख्यादेखील आठच्या पटीत वर नेऊन मगच दिली जाते, म्हणजे एखाद्या देशातील एकाकी वापरकर्ता उघडा पडत नाही. नव्या सुधारणांची परीक्षा शक्य तेथे खऱ्या लोकांच्या वाहतुकीवर न करता संगणकात उभारलेल्या कृत्रिम जालावर केली जाते.

अशा अपुऱ्या ज्ञानावरही निदान होऊ शकते, हे २०१३ च्या ऑगस्टमधील प्रसंगावरून दिसते. वापरकर्त्यांचा अंदाज दहा लाखांच्या आतून काही आठवड्यांत पन्नास लाखांवर गेला; परंतु वाहतूक त्या मानाने वाढली नाही. ताण पडला तो नवे मार्ग जुळविताना रिलेंना कराव्या लागणाऱ्या गणितावर. यावरून हे नवे 'वापरकर्ते' माणसे नसून दूषित संगणकांची टोळी असावी, असे अनुमान निघाले. ही टोळी सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती वापरीत होती. तेव्हा रिलेंनी नव्या आवृत्तीच्या किल्ली-पद्धतीस अग्रक्रम द्यावा, असा उपाय योजण्यात आला. एकाही व्यक्तीची ओळख न पटविता ताण हलका करण्याचा हा मार्ग होता.

या संयमाची किंमत मात्र २०१४ मध्ये दिसून आली. मार्गाची लांबी मर्यादित राहावी म्हणून संदेशखंडांचा एक विशेष प्रकार योजलेला होता. हे खंड वापरकर्त्याकडून बाहेरच्या दिशेनेच जावयाचे होते. पण उलट दिशेने आल्यास ते नाकारावेत, अशी तपासणी सॉफ्टवेअरमध्ये नव्हती. खंडाचा प्रकार आवरणांच्या बाहेर असल्याने वाटेतील प्रत्येक रिलेस तो दिसतो. आक्रमकांनी मार्गाच्या एका टोकावरून साधे व विशेष खंड ठरावीक क्रमाने पाठवून त्यांत गुप्त सेवेचे नाव गुंफले आणि पहिल्या रिलेच्या स्थानी बसलेल्या आपल्याच यंत्राने ते वाचून घेतले. ३० जानेवारीस जालात शिरलेले हे रिले ४ जुलै रोजी काढून टाकण्यात आले आणि त्या महिन्याच्या अखेरीस सुधारित आवृत्ती निघाली. दोष सापडला, बुजविलाही गेला; पण हानी नेमकी कोणास पोहोचली, हे सांगता येईना. त्या काळात गुप्त सेवा चालविणाऱ्या वा वापरणाऱ्या सर्वांनी आपण उघडे पडलो असे गृहीत धरावे, एवढेच विकसकांना जाहीर करता आले. बाधितांची नावे सांगण्यास ती आधी नोंदवून ठेवावी लागली असती. आणि तशी नोंद असती, तर आक्रमकास एवढे परिश्रमही करावे लागले नसते.

यावरून अभ्यासकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. अन्य क्षेत्रांत अधिक मोजमाप म्हणजे अधिक खात्री, असे सहसा मानले जाते. येथे मात्र प्रत्येक नव्या मोजमापापूर्वी हा आकडा शत्रूच्या हाती पडल्यास काय होईल, हे विचारावे लागते. उत्तर समाधानकारक नसेल, तर दोष काही काळ अनाकलनीय राहिला तरी ते मोजमाप न करणे हेच शास्त्रशुद्ध होय.