रिकामा हात

गाडी चालवताना फोन बघणाऱ्या पोरांना समजवायचं कसं, हा विषय गटाच्या बैठकीत निघतोच. रागावून झालं, शपथा घालून झाल्या. आज आम्ही एका माहितीपटाबद्दल बोलणार आहोत. त्यात काय आहे यापेक्षा तो कसा केलाय, हे ऐकण्यासारखं आहे.

‘फ्रॉम वन सेकंड टू द नेक्स्ट’ हा माहितीपट 2013 साली अमेरिकेत आला. दिग्दर्शक जर्मनीचे वर्नर हर्झोग. लांबी साधारण 35 मिनिटं. पैसा पुरवला एका मोठ्या फोन कंपनीनं, हेही गमतीचंच! गाडी चालवताना मेसेज केल्यामुळे झालेल्या चार अपघातांच्या गोष्टी त्यात आहेत.

अमेरिकेत शाळेतल्या मुलांना असे चित्रपट दाखवायची रीत जुनी आहे. 1959 मध्ये ओहायो राज्यात ‘सिग्नल 30’ नावाचा चित्रपट निघाला. त्यात खऱ्या अपघातांतली चेंदामेंदा झालेली माणसं दाखवली होती. हेतू एकच, पोरं घाबरली पाहिजेत. पण भयानक काही दिसलं की माणूस डोळे मिटून घेतो. मिटल्या डोळ्यांना काय सांगणार?

हर्झोग यांनी उलटी वाट धरली. रक्त नाही, किंकाळ्या नाहीत. पहिल्या गोष्टीत मिलवॉकी शहरातली एक मुलगी रस्त्याकडेला उभी आहे. तिचा एक हात बाजूला धरलेला, बोटं कुणाचा तरी हात धरल्यासारखी. त्या हातात तिच्या धाकट्या भावाचा हात होता. गाडी आली आणि हात रिकामा झाला. भाऊ वाचला, पण अपंग झाला. कॅमेरा हलत नाही, घाई करत नाही. गाडी दाखवलीच नाही, म्हणून ती आपल्या मनात धावते. घरातलं लेकरू डोळ्यांपुढे येतं ते इथंच.

दुसरी युक्ती बोलण्याची. माणसं बोलता बोलता थांबतात, गप्प होतात. दुसऱ्या कुणी ती शांतता कापून टाकली असती. इथं ती तशीच ठेवलीय. आम्ही रेडिओवाल्या शांततेला फार भितो. दोन क्षण आवाज थांबला की वाटतं, यंत्र बिघडलं!

तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते. ज्यांच्या हातून अपघात झाला, तेही कॅमेऱ्यासमोर बसतात. इंडियानातल्या एका तरुणानं बायकोला प्रेमाचा मेसेज पाठवला, आणि त्याची गाडी घोडागाडीवर आदळली. तीन मुलं गेली. ती आमिश पंथाची होती. ही माणसं मोटार ठेवत नाहीत. मुलांच्या वडिलांनी त्याला क्षमेचं पत्र लिहिलं, ते चित्रपटात ऐकायला मिळतं. युटामधला दुसरा तरुण 2006 च्या अपघाताच्या वेळी 19 वर्षांचा होता. दोन शास्त्रज्ञ कामावर जाताना गेले. पुढं तो शाळाशाळांतून स्वतःची गोष्ट सांगत फिरला.

दिग्दर्शक या पोरांना राक्षस करत नाही. ती साधी, घरातली वाटतात. राक्षस दाखवला असता, तर बघणारा पोरगा म्हणाला असता, ‘मी काही असा नाही.’ इथं त्याला तशी पळवाट मिळत नाही.

हा माहितीपट इंग्रजीत आहे. गटात दाखवायचा तर कॉलेजात जाणाऱ्या मुलीला शेजारी बसवा, ती अर्थ सांगेल. मात्र पहिल्या गोष्टीत, त्या हाताच्या वेळी, तिला गप्प राहायला सांगा.