उघडे पाय, मिटलेले डोळे

बाहेरगावी कुणी ‘तुम्ही कुठले?’ असं विचारलं, की ‘धरणगाव’ एवढ्यावर भागत नाही. ‘जळगाव जिल्हा, सुरत-भुसावळ लाइनीवर’ अशी पुरवणी जोडावी लागते. तरीही समोरचा चेहरा कोराच राहिला, तर शेवटचं अस्त्र काढायचं : ‘बालकवींचं गाव!’ मग काम होतं. त्र्यंबक बापूजी ठोमरे १८९० मध्ये इथं जन्मले. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात या सोळा-सतरा वर्षांच्या पोरानं कविता म्हटली आणि अध्यक्षांनी त्याला ‘बालकवी’ ठरवून टाकलं, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. त्या अध्यक्षांचं नाव मात्र सहसा कुणाला आठवत नाही. ते होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. पेशानं सर्जन, व्यासंगानं वनस्पतिशास्त्रज्ञ.

मी कवी नाही. याच गावात गेली तीसेक वर्षं जनरल प्रॅक्टिस करतो. पण ही गोष्ट मला आवडते, कारण संमेलन कशासाठी असतं ते तिच्यात आहे. आडगावच्या माणसानं आपलं काम चार जाणत्यांपुढे ठेवायचं आणि त्यांनी ते कान देऊन ऐकायचं. आम्हा डॉक्टरांच्या परिषदांत हे फारसं घडत नाही. आम्ही जातो, पिशवी आणि पॅड घेतो, नोंदणीच्या नूतनीकरणासाठी लागणारे क्रेडिट पॉइंट पदरात पाडून घेतो. मोठ्या शहरातले तज्ज्ञ मोठ्या हॉस्पिटलातले पेशंट पडद्यावर दाखवतात. आम्ही माना डोलावतो आणि जेवून घरी येतो. ‘तुमच्या दवाखान्यात काय चाललंय?’ असं आम्हाला कुणी विचारत नाही. खरं सांगायचं, तर आम्ही स्वतःलाही विचारत नाही.

मला तो प्रश्न विचारायला लावला एका हमालानं. जिनिंगमध्ये गाठी उचलणारा माणूस. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं माझ्याकडे येणारा. साखर तपासायची, गोळ्या लिहायच्या, ‘गोड बंद’ म्हणायचं, असा आमचा रिवाज. एक दिवस त्याच्या पायाला वास येऊ लागला म्हणून बायको त्याला घेऊन आली. तळव्यात खिळा रुतलेला होता आणि त्याला पत्ताच नव्हता. ‘‘डाक्टरसाहेब, पायले काय व्हयनं ते माले समजनंच नही,’’ तो म्हणाला. जळगावला नेलं, जीव वाचला, पण दोन बोटं गेली. हमालीही गेली.

त्या रात्री मी त्याचे जुने केसपेपर काढून बसलो. साखरेचे आकडे होते, वजन होतं. पायाबद्दल एक अक्षर नव्हतं. आणि गंमत पाहा, म्हणजे गंमत कसली, आमच्या दवाखान्यात सगळे पेशंट चपला दारातच काढून येतात. म्हणजे तो माणूस दर महिन्याला अनवाणी माझ्यासमोर बसत होता. पाय उघडेच होते, मिटलेले होते ते माझे डोळे.

मग मी आणि माझा कंपाउंडर, आम्ही मधुमेहाच्या पेशंटांचे केसपेपर मोजायला घेतले. मागच्या वर्षभरात किती जणांचे पाय तपासल्याची नोंद आहे? दोन्ही हातांच्या बोटांवर मावतील एवढ्याच नोंदी निघाल्या. हा आकडा मी कित्येक दिवस घरीही सांगितला नाही.

उपाय फार मोठा नव्हता. इंग्लंडमधल्या इप्सविच गावाच्या नावानं ओळखली जाणारी एक तपासणी २०११ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. पेशंटनं डोळे मिटायचे. डॉक्टरनं तर्जनीनं दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला क्षणभर हलकेच स्पर्श करायचा. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर पाय धोक्यात आहे असं समजायचं. ना यंत्र, ना खर्च. आम्ही कंपाउंडरला ती शिकवली आणि केसपेपरवर ‘पाय’ असा एक रकाना छापून घेतला. तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं. निम्म्याहून अधिक रकाने भरलेले! मग कपाशीचा हंगाम आला, गर्दी वाढली, कंपाउंडर महिनाभर रजेवर गेला आणि रकाने पुन्हा ओस पडले. तेव्हा कळलं, की आमची सुधारणा एका माणसाच्या हजेरीवर उभी होती. मग तपासणी साखरेच्या रक्ताला जोडली : बोटाला सुई टोचायची त्याच बैठकीत पायाला स्पर्श करायचा. तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

मोजा, छोटा बदल करा, पुन्हा मोजा. हे शास्त्र कारखान्यांतून आलेलं आहे. १९२४ मध्ये अमेरिकेत टेलिफोन कंपनीतल्या वॉल्टर श्यूहार्ट यांनी त्याचा पाया घातला आणि १९५० पासून एडवर्ड्स डेमिंग यांनी ते जपानी उद्योगांना शिकवलं. पण खेड्यातल्या डॉक्टरलाही ते परकं नाही. यॉर्कशरमधल्या एसगार्थचे विल्यम पिकल्स आपल्या दरीतल्या गावांतली साथ कुणाकडून कुणाकडे गेली याची टिपणं ठेवत. त्यांतून १९३९ साली पुस्तक झालं आणि पुढे ब्रिटनमधल्या जनरल प्रॅक्टिशनरांच्या कॉलेजचे ते पहिले अध्यक्ष झाले. आपल्याकडे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं उदाहरण तर घरचंच. विंचूदंशानं माणसं का मरतात, हे त्यांनी कोकणात रुग्णांच्या उशाशी बसून टिपलं. १९८२ मध्ये त्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. रक्तदाबावरचं प्राझोसिन विंचवाच्या विषावर चालतं, हे त्यांनी १९८६ मध्ये त्याच नियतकालिकातून जगाला सांगितलं. ते त्यांनी महाडातच ठेवलं असतं, तर महाडबाहेरचे किती जण दगावले असते!

माझं काम त्यांच्या पासंगालाही पुरणारं नाही. ते संशोधन, ही घरची झाडलोट. पण झाडलोटीचीही पद्धत दुसऱ्याला सांगता येते. म्हणून मी जवळच्याच एका परिषदेसाठी दहा मिनिटं मागितली. एका मित्रानं प्रेमानं सल्ला दिला, ‘‘पहिला आकडा कशाला दाखवतोस? शेवटचा दाखव. पेशंट ऐकतील, गावात नाचक्की होईल.’’ रात्रभर झोप लागली नाही. सल्ला खोटा नव्हता. पण पहिला आकडा झाकला, तर उरते ती जाहिरात. आणि मधला, कंपाउंडर रजेवर गेल्यानंतरचा आकडा झाकला, तर ऐकणारा माझ्याच खड्ड्यात पडणार. असं काम कसं मांडावं याचे ‘स्क्वायर’ नावाचे जागतिक दंडक २००८ मध्ये आले, २०१५ मध्ये सुधारले. त्यांचं सारही हेच : का सुरू केलंत, काय केलंत, काय आढळलं, त्याचा अर्थ काय?

एक पथ्य मात्र पाळलं. हमालाची गोष्ट सांगण्याआधी त्याच्या घरी जाऊन विचारलं. आमच्या गावात नाव गाळलं, तरी ‘जिनिंगवाला, बोटं गेलेला’ म्हटलं की माणूस ओळखू येतो. तो म्हणाला, ‘‘सांगा. दुसऱ्याचा पाय तर वाचंल.’’

मी तिन्ही आकडे दाखवले. दिवे लागले तेव्हा सभागृहात शांतता होती. मला वाटलं, संपलं! मग मागच्या रांगेतले एक वयोवृद्ध डॉक्टर उठले आणि म्हणाले, ‘‘माझ्याकडे मोजलं, तर तुमच्या पहिल्या आकड्याहून कमी निघेल.’’ हशा झाला, पण तो वेगळा हशा होता. चहाच्या वेळी चोपड्याकडची एक तरुण डॉक्टर आली. तिला स्लाइड नको होत्या, रकाना छापलेला केसपेपर हवा होता. खिशात एक घडी घातलेला होता, तो दिला.

परवा तिचा फोन आला. तिच्याकडेही पहिला आकडा लाजिरवाणाच निघाला आहे. ‘‘सर, आता काय करू?’’ तिनं विचारलं. मी म्हटलं, ‘‘तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. आणि पुढच्या परिषदेत दहा मिनिटं मागा.’’