ईस्टरची तारीख कोण ठरवतं?

नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो. पण ईस्टर? २०२४ मध्ये तो ३१ मार्चला होता, २०२५ मध्ये २० एप्रिलला आणि २०२६ मध्ये ५ एप्रिलला! ही तारीख ठरवतो चंद्र. होळीच्या रात्री आपल्या शिरवणे गावावर गोल गरगरीत उगवतो ना, तोच.

नियम असा. २१ मार्चला दिवस-रात्र समान धरायचे. त्या दिवशी किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा शोधायची. तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर.

घरातली कॅलेंडरं काढा बघू! २०२४ ची होळीपौर्णिमा २५ मार्चला संपली, म्हणून लगेचच्या रविवारी ईस्टर. २०२६ ची होळी मात्र मार्चच्या सुरुवातीलाच येते, ती चालत नाही. मग पुढची पौर्णिमा घ्यायची : २ एप्रिल, गुरुवार, हनुमान जयंती. तिच्यानंतरचा रविवार ५ एप्रिल. जमलं की नाही?

ईस्टर सरकला की कितीतरी सण त्याच्याबरोबर सरकतात. राखेचा बुधवार बरोबर ४६ दिवस आधी येतो. तिथून ४० दिवसांचा उपवासकाळ. मधले ६ रविवार मोजत नाहीत, कारण रविवार हा आनंदाचा वार! त्या बुधवारी कपाळावर लावायची राख कुठून येते, माहीत आहे? आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या लोक घरी जपून ठेवतात. वर्षभरात त्या वाळून पिवळ्या, कडकडीत होतात. त्याच जाळून ही राख करतात. मिस्सेच्या वेळी धर्मगुरूंचा झगाही काळ सांगतो : उपवासकाळात जांभळा, ईस्टरला पांढरा, पन्नासाव्या दिवशी पेन्टेकॉस्टला लाल.

आता मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट. चंद्राचे १२ महिने म्हणजे साधारण ३५४ दिवस. सूर्याच्या वर्षापेक्षा ११ दिवस कमी! ही तूट भरायला आपल्या पंचांगात अधिक महिना येतो, १९ वर्षांत साधारण ७ वेळा. कारण सूर्याची १९ वर्षं आणि चंद्राचे २३५ महिने जवळजवळ सारखे भरतात, फरक जेमतेम दोन तासांचा. चर्चही ईस्टरची पौर्णिमा याच १९ वर्षांच्या चक्रावरून, कोष्टक मांडून काढतं. त्यामुळे ती आकाशातल्या पौर्णिमेपेक्षा कधीकधी एखाद-दोन दिवस इकडेतिकडे होते.

आता २०२७ चा ईस्टर तुम्ही काढा. फाल्गुन पौर्णिमा २२ मार्चला, सोमवारी आहे. आलेल्या तारखेपासून ४६ दिवस मागे मोजा. १० फेब्रुवारीचा बुधवार आला, तर गणित बरोबर!